इजिप्तला हिरवा रंग देण्यापूर्वी

"फ्राऊ वर्तक, इजिप्त अजून पांढराच का?"

हेर लोमान माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांच्या कपातली कॉफी माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर हेलकावत होती. पडद्यावर अरबस्तान, सीरिया आणि इराक हिरवे झाले होते. माउसचा बाण मी इजिप्तवर नेऊन ठेवला होता, पण क्लिक केले नव्हते.

"करते," मी म्हणाले.

"आल्झो, एका क्लिकचं काम आहे." 'आल्झो' म्हणजे 'तर मग'. एवढे बोलून ते कॉफीसह निघून गेले.

ते खरोखरच एका क्लिकचे काम होते. जो देश घ्यायला अरब सैन्याला काही वर्षे लागली, तो आमचे सॉफ्टवेअर पापणी लवण्याच्या आत घेते. मला नेमके तेच खटकत होते.

मी ब्राउनश्वाइगमधल्या एका लहानशा कार्टोग्राफी ऑफिसात काम करते. आम्ही प्रकाशकांसाठी शालेय ॲटलास तयार करतो. हल्ली नकाशा म्हणजे कागदावर हाताने ओढलेल्या रेघा नव्हेत. संगणकावर एकावर एक पारदर्शक थर रचायचे असतात, त्यांना लेयर म्हणतात. एका लेयरवर नद्या, एकावर डोंगर, एकावर शहरे, एकावर नावे, आणि शेवटी रंग. रंगाचा लेयर सर्वांत सोपा समजला जातो, म्हणून तो नवख्या माणसाकडे येतो. नवखी मी होते. वय वर्षे सत्तेचाळीस.

एवढ्या उशिरा नवखी होण्याचे कारण सांगायला हवे. पुण्यात भूगोलात एम.ए. केले, एका नगररचना कार्यालयात वर्षभर शिकाऊ म्हणून काढले, आणि लग्न होऊन जर्मनीत आले. मधली वर्षे मुलीची शाळा, जर्मनचे वर्ग आणि "तुम्हाला काय, घरीच तर असता" हे ऐकण्यात गेली. मुलगी शिक्षणासाठी डार्मश्टाटला गेल्यावर मी हिय्या करून एक कोर्स केला आणि अर्ज पाठवला. मुलाखतीत मी फारच कमी बोलले. ते त्यांना एकाग्रतेचे लक्षण वाटले असावे.

जर्मनीत नव्या नोकरीचे पहिले सहा महिने प्रोबेत्साइटचे, म्हणजे परीक्षेचे असतात. या काळात फारशी कारणे न देता कोणालाही निरोप देता येतो. माझा शेवटचा महिना चालू होता. तोवर मी दुसऱ्यांच्या नकाशांतील नद्यांची नावे सरळ केली होती. हे माझे पहिले स्वतंत्र काम होते. यावरून लोमान माझ्याविषयी ठरवणार, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होते आणि मला तर झोपेतही ठाऊक होते.

काम एका जोडपानाचे होते, "इस्लामचा उदय आणि प्रसार". डावे पान उदयाचे. त्याने मला काही त्रास दिला नाही. सातव्या शतकाच्या आरंभीची मक्का, तिथून जाणारे व्यापाऱ्यांचे मार्ग, अनेक टोळ्यांच्या मूर्ती ठेवलेला काबा, आणि त्याच गावात व्यापार करणारे महंमद. चाळिशीच्या सुमारास त्यांना ईश्वरी संदेश मिळू लागला अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. देव एकच, त्याच्यापुढे टोळी आणि कूळ यांचा तोरा चालत नाही, अनाथ आणि गरिबांचा वाटा द्या, शेवटी प्रत्येकाला हिशेब द्यायचा आहे, असा त्या संदेशाचा गाभा. मूर्तींच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंवर ज्या गावाचे पोट चालते, त्या गावाला हे आवडण्याचे कारण नव्हते. विरोध वाढला तेव्हा सन ६२२ मध्ये ते अनुयायांसह मदिनेला गेले. हे स्थलांतर म्हणजे हिजरा. मुसलमानांचे वर्ष जन्मापासून किंवा विजयापासून नव्हे, तर या गाव सोडण्यापासून मोजले जाते. गाव सोडून आलेल्या बाईला ही गोष्ट का आवडली, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पानाच्या तळाशी श्रद्धेच्या पाच आधारस्तंभांची चौकट होती: एका ईश्वराची आणि त्याच्या प्रेषिताची ग्वाही, नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि हज. जकात म्हणजे संपत्तीतील दानाचा वाटा. गावाच्या नाक्यावर ट्रक अडवून घेतली जाणारी जकात आपण अनुभवली आहे. तिने शब्द तेवढा घेतला, पुण्य घेतले नाही.

अडचण उजव्या पानावर होती. पैगंबरांच्या निधनानंतर शंभर वर्षांच्या आत अरबांची सत्ता स्पेनपासून सिंधपर्यंत पोहोचली. शीर्षक होते "इस्लामचा प्रसार", आणि लोमान यांची सूचना होती, सत्ता जिथवर पोहोचली तो सगळा भाग एकसारखा हिरवा करा. आधीच्या आवृत्तीतही तसेच होते.

मी इजिप्तवर क्लिक केले. मग इराणवर केले. मग रंगीत प्रिंट काढून घरी आणली.

माझे यजमान सुनील वोल्फ्सबुर्गच्या एका कारखान्यात मोटारींच्या दरवाजांच्या बिजागऱ्यांवर काम करतात. इतिहास हा त्यांचा विषय नाही, आणि मला तसाच वाचक हवा होता. जेवणाआधी मी नकाशा त्यांच्यापुढे धरला.

"अहो, यावरून काय कळतं?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शंभर वर्षांत स्पेनपासून सिंधपर्यंत सगळे मुसलमान झाले."

"सगळे?"

"अगं, रंगवलंयस तूच. एक तरी ठिपका कोरा सोडलायस का?"

"पण तसं झालं नव्हतं."

"मग लोमानसाहेबांना सांग."

"सांगते ना."

"म्हणजे नाही सांगणार," असे म्हणून ते पोळ्यांचा डबा उघडू लागले.

तसे झाले नव्हते, याचा अर्थ असा. राज्य वेगाने पसरले. धर्म सावकाश पसरला. अरब सैन्य आणि त्यांचे कुटुंबीय सुरुवातीला बसरा, कुफा, फुस्तात अशा छावण्यांच्या शहरांत राहत. बाहेर इजिप्तचा शेतकरी ख्रिस्तीच होता, इराणचा माणूस अग्निपूजकच होता, आणि हे पुढे कित्येक पिढ्या तसेच चालले. इतर धर्मीयांकडून राज्यकर्त्यांना वेगळा कर मिळे, त्यामुळे सगळ्यांनी ताबडतोब धर्म बदलावा अशी त्यांनाही विशेष घाई नव्हती. लोक मुसलमान झाले ते हळूहळू, कोणी श्रद्धेने, कोणी लग्नाने, कोणी व्यापारातल्या सोबतीने, कोणी दरबारात पुढे जाण्यासाठी. ही शतकांची गोष्ट आमच्या पानावर एका क्लिकमध्ये उरकली होती. जर्मनीतल्या वर्गांत आज मुस्लिम मुले असतात आणि इतरही असतात. पान उघडल्यावर दोघांनाही तलवारीमागे धावणारा एकच हिरवा रंग दिसणार होता.

आता हे लोमान यांना सांगायचे कसे? मी पुण्याच्या कार्यालयात शिकलेली पद्धत वापरली. तिथे साहेबांना "हे चुकलंय" असे कोणी म्हणत नसे. साहेबांनी सांगितलेला नकाशा फाइलमध्ये वर ठेवायचा, आपल्याला पटलेला खाली. साहेब वरचा पाहत, कपाळाला आठ्या घालत, सवयीने पान उलटत, आणि खालचा दिसला की म्हणत, "हे बघा, मला असंच म्हणायचं होतं." आपण म्हणायचे, "हो सर." शहराचे काम पुढे जाई, साहेबांचा मान राही, आणि कोणाचाही आवाज चढत नसे. मला आजही ही पद्धत सुसंस्कृत वाटते.

त्यामुळे मी दोन नकाशे केले. वर हिरवागार. खाली माझा. माझ्या नकाशात मी आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेघा वापरल्या: अरबांची सत्ता एका रेघेत, ख्रिस्ती बहुसंख्या दुसरीत, अग्निपूजक तिसरीत, छावण्यांना ठिपके, समुद्रावरील व्यापाराला तुटक रेषा. दोन्ही प्रती एका माप्पेत, म्हणजे पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये घालून मंगळवारी त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

लोमान यांनी माप्पे उघडली, वरची प्रत पाहिली, "गेनाऊ!", म्हणजे "अगदी बरोबर!", म्हणाले, आणि बंद केली.

त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही. पान उलटले गेले नाही. मी दारात थोडा वेळ उभी राहिले.

"आणखी काही?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणाले.

दुपारी कान्टीनमध्ये माझ्यासमोर आंके बसली. आंके आमच्या नकाशांच्या कडेला छापायची चित्रे काढते. तिचे टेबल माझ्या समोरच आहे आणि ती माझ्याशी पहिल्या दिवसापासून 'दू' म्हणून, म्हणजे अगं-तुगं करून बोलते.

"अभिनंदन! लोमाननं तुझा नकाशा पुढे पाठवला. शुक्रवारी द्रुकफ्रायगाबं."

द्रुकफ्रायगाबं म्हणजे छपाईची अंतिम परवानगी. त्या कागदावर सही झाली की स्वल्पविरामही हलत नाही.

"पण तो चुकीचा आहे," मी म्हणाले.

"मग तू त्याला दिलास कशाला?"

"बरोबर असलेला खाली ठेवला होता."

"कशाच्या खाली?"

"चुकीच्या."

आंकेने काटा खाली ठेवला. मी तिला पद्धत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. तिने मन लावून ऐकले, आणि मग म्हणाली, "आमच्याकडे एका कागदाखाली दुसरा कागद ठेवतात तो टेबलाला चरे पडू नयेत म्हणून."

"मग आता?"

"आता शुक्रवारी तोंड उघडायचं."

"सगळ्यांसमोर? सहाव्या महिन्यात?"

"तुझ्या मनात दुसरी काही प्राचीन पद्धत आहे का?"

नव्हती. मंगळवार ते शुक्रवार मी दोन गोष्टी तोलत राहिले. बोलले तर ऐनवेळी काम अडवणारी बाई म्हणून निरोप मिळण्याची शक्यता. न बोलले तर नोकरी टिकेल, आणि तो नकाशा पुढची अनेक वर्षे मुलांच्या दप्तरांत राहील. सुनील रोज संध्याकाळी दारातच विचारत, "सांगितलंस?" मी म्हणे, "बघते." ते म्हणत, "बघ, बघ. नकाशा बघण्यासाठीच असतो."

शुक्रवारी बैठकीला आम्ही चौघे होतो. लोमान, आंके, मी, आणि प्रकाशकाने नेमलेल्या परीक्षक फ्राऊ आयदन. त्या हानोव्हरच्या एका शाळेत इतिहास शिकवतात. आईवडील तुर्कस्तानातून आलेले, जन्म इथला, आणि हातात तीन रंगांची पेने. त्या डाव्या पानापासून सुरुवात करून सावकाश निघाल्या.

"'महंमद यांनी इस्लामची स्थापना केली.' इतिहासकार म्हणून मला हे चालेल. माझ्या वडिलांना चालणार नाही."

"तुमचे वडील आमचा ॲटलास घेणार आहेत का?" लोमान म्हणाले.

"नाही, पण ते माझ्या वर्गातल्या मुलांचे आजोबा असू शकतात. मुसलमानांच्या दृष्टीनं पैगंबरांनी नवा धर्म काढला नाही. इब्राहिमपासून मोझेस आणि येशूपर्यंत जे सांगितलं गेलं, तेच शेवटचं आणि पूर्ण स्वरूपात सांगितलं. दोन्ही गोष्टी लिहा. 'मुसलमानांच्या श्रद्धेनुसार' एवढं घातलंत की पुरे."

"जागा नाही."

"उंटाला जागा आहे."

सगळ्यांचे लक्ष पानाच्या कडेला गेले. आंकेने तिथे जलरंगात एक अप्रतिम उंट काढला होता. त्याच्या डोळ्यांत वाळवंटाचा सगळा कंटाळा होता.

"आणि हा उंट," फ्राऊ आयदन पुढे म्हणाल्या, "मध्य आशियातून आलाय. याला दोन मदारी आहेत. अरबस्तानातल्या उंटाला एकच असते."

आंके लाल झाली. मग हळूच माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू पेन्सिलनं काढत होतीस तेव्हापासून. पण चित्र इतकं सुरेख होत होतं..."

"फ्राऊ वर्तक," लोमान म्हणाले, "आणखी कशाकशाविषयी तुम्ही आमच्यावर दया केली आहे?"

त्यांनी ते थट्टेनेच विचारले होते, आणि उत्तराची वाट न पाहता पेन उचलले होते. त्यांच्यापुढे द्रुकफ्रायगाबंचा कागद होता. उजव्या पानाविषयी फ्राऊ आयदन काही बोलल्या नव्हत्या. पेनाचे टोक कागदाला लागले.

"नाइन," मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक निघाला की प्रथम सगळ्यांनी खिडकीकडे पाहिले.

"काय नाही?" लोमान यांनी विचारले.

"सही. म्हणजे, कृपया, सही नको. उजवा नकाशा खरा नाही."

लोमान उठले आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. चर्चा तापली की ते हवा बदलतात. बाहेर गोठवणारी थंडी होती. मी कुडकुडत बोलू लागले. कदाचित म्हणूनच वाक्ये आटोपशीर झाली. राज्य आणि धर्म, छावण्यांची शहरे, ख्रिस्ती शेतकरी, वेगळा कर, शतकांचा वेळ. शेवटी म्हणाले, "या नकाशात फक्त राज्यकर्ते राहतात. लोक कुठेच नाहीत."

फ्राऊ आयदन यांनी लाल पेन बंद केले. "खरं आहे. हा हिरवा रंग मी स्वतःच्या शाळेपासून बघतेय, त्यामुळे मला दिसेनासाच झाला होता. आणि तुमच्या इतर नकाशांत हिरवा म्हणजे सखल जमीन. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एकीनं पेपरात लिहिलं की इस्लाम प्रामुख्यानं सखल प्रदेशात पसरला."

आंके हसली. लोमान हसले नाहीत. "नकाशा मंगळवारपासून माझ्या टेबलावर होता. मंगळवारी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. माप्पेत खालच्या बाजूला."

त्यांनी माप्पे मागवली, उघडली आणि दुसरी प्रत बाहेर काढली. "ही? मला वाटलं प्रिंटर बिघडलाय."

खरे सांगायचे तर तसे वाटणे स्वाभाविक होते. आडव्या-उभ्या रेघा एकमेकींत गुंतून इराणच्या जागी जाळे झाले होते. फ्राऊ आयदन यांनी मान तिरकी करून पाहिले. "माझ्या मावशीचा टेबलक्लॉथ."

"आमच्याकडची इरकल साडी," मी मान्य केले.

"आणि हे काय?" लोमान यांचे बोट भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर थांबले. तिथे एक ठळक ठिपका होता. "चौल?"

"ते बंदर आहे. तिथे मुस्लिम व्यापाऱ्यांची वस्ती होती. अरब प्रवाशांनी लिहून ठेवलंय. धर्म सैन्याशिवायही पोहोचला, हे दाखवायला..."

"केव्हा लिहून ठेवलंय?"

"दहाव्या शतकात."

"आमचा नकाशा आठव्या शतकाच्या मध्यावर संपतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तुमचं गाव इथून किती लांब?"

"चौलहून? चालत जाता येतं."

"गेनाऊ. प्रत्येक कार्टोग्राफरच्या पहिल्या नकाशात त्याचं गाव असतं. माझ्या पहिल्या नकाशात लुनेबुर्गच्या माळरानावरचं एक खेडं होतं. विषय जगातल्या तांब्याच्या खाणींचा होता."

चौल गेले. समुद्रमार्गाची तुटक रेषा राहिली, कारण अरबांचा त्या किनाऱ्याशी व्यापार इस्लामच्याही आधीपासूनचा होता.

"आता ऐका," लोमान म्हणाले. "तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुमचा नकाशा चूक आहे. बारा वर्षांचं मूल नकाशाकडे बघतं ते शेजारच्याला कोपर मारता मारता. तेवढ्यात कळलं तर नकाशा, नाहीतर टेबलक्लॉथ. छापखान्याला फाइल आज दुपारी जायची आहे. बोला."

मी नेहमीप्रमाणे खाली पाहिले. खाली माझाच नकाशा होता. इरकल साडी असे मी म्हटले होते, तर तोच विचार पुढे नेला. साडीत गर्दी झाली की आपण अंग साधे ठेवतो आणि काठ भरतो.

"फक्त काठ रंगवला तर?" मी म्हणाले. "सत्तेच्या सीमेवर रंगीत पट्टी. आत काहीच नाही. आत फक्त छावण्यांची शहरं."

लोमान यांनी पेन्सिलने एक पट्टी ओढून पाहिली. ती हिरवी नव्हती, जांभळी होती, कारण हाताशी तीच पेन्सिल होती. आता ॲटलासमध्येही ती जांभळीच आहे.

"आणि शीर्षक बदला," फ्राऊ आयदन म्हणाल्या. "'इस्लामचा प्रसार' नको. 'खिलाफतीचा विस्तार' करा. खलिफांचं राज्य वाढलं, एवढंच हा नकाशा दाखवतो."

"मग इस्लामचा प्रसार कुठे दाखवू? पानाचा विषयच तो आहे."

"एक लहान जोडनकाशा," मी म्हणाले. "पुढच्या शतकांचा. फिकट रंग, हळूहळू गडद होणारा. त्यासाठी फक्त थोडी जागा..."

 मग सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाहिले. आंकेने उंटावर तळहात ठेवला.

"एक मदार मी पुसू शकते," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

पण जागा मदारीएवढी नव्हे, उंटाएवढी हवी होती. आणि त्यातूनच 'मुसलमानांच्या श्रद्धेनुसार' यालाही एक ओळ मिळणार होती.

फाइल मुदतीत गेली. आंकेने जोडनकाशाच्या छटा मला बसवून दिल्या, आणि काम चालू असताना एकदाच म्हणाली, "पहिल्या दिवशी बोलली असतीस तर माझी मदार गेली असती. आता अख्खा उंट गेला." मी तिची मनापासून क्षमा मागितली. त्यानंतर दोन आठवडे ती मला प्रत्येक चित्राची पेन्सिल-प्रत दाखवी आणि विचारी, "पाय मोजलेस का?"

अंतिम प्रत पाहून लोमान म्हणाले, "कान मान माखेन." याचा अर्थ "असं करता येतं". मी ते वाक्य जसेच्या तसे घरी नेले. सुनील यांना ते फारसे आशादायक वाटले नाही. आंकेच्या मते मात्र लोमान यांनी एवढी स्तुती आजवर फक्त नव्या कॉफी मशीनची केली होती. दोन मतांच्या मधे मी महिनाअखेरची वाट पाहू लागले.

मी पत्राची वाट पाहत होते. निदान केबिनमध्ये बोलावणे येईल, दार लावून घेतले जाईल, एखादे गंभीर वाक्य उच्चारले जाईल, अशी माझी कल्पना होती. निरोप मिळाला तर काय म्हणायचे याची जर्मन वाक्ये मी आरशासमोर पाठ केली होती. नोकरी टिकली तर काय म्हणायचे, याची तयारी केली नव्हती. महिना संपला. कोणी काही बोलले नाही. नवा महिना लागला. लोमान "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हणत आणि पुढे जात. मला वाटले, निरोपाचा कागद टपालात अडकला असेल. जर्मन टपालही हल्ली पूर्वीसारखे राहिलेले नाही.

शेवटी मीच त्यांच्या दारावर टकटक केली. नोकरीला लागल्यापासून बोलावल्याशिवाय मी पहिल्यांदाच तिथे गेले होते.

"हेर लोमान, माझ्या प्रोबेत्साइटविषयी विचारायचं होतं."

"तिचं काय?"

"निर्णय काय झाला?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "ती तर गेल्या आठवड्यातच संपली."

"हो. मग?"

"मग काय? आम्ही काही बोललो का?"

"नाही."

"आल्झो." ते पुन्हा पडद्याकडे वळले. मी अजून तिथेच उभी आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी मान वर केली आणि काहीशा आश्चर्याने म्हणाले, "फ्राऊ वर्तक, नको असेल तर आम्ही सांगतो. हवं असेल तर त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

मी बाहेर येऊन आंकेला विचारले. जर्मनीत अशीच रीत आहे. मुदत संपेपर्यंत कोणी काही बोलले नाही तर माणूस आपोआप नोकरीत कायम होतो. हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही.

चुकीच्या नकाशाविषयी गप्प बसू नये, वेळेवर आणि सर्वांसमोर बोलावे, हे मला या देशाने शिकवले. ते मी आता शिकले आहे, आणि बैठकीत मी कधीकधी बोलते. परंतु ज्या प्रश्नासाठी मी सहा महिने जीव मुठीत धरून होते, त्याचे उत्तर त्यांनी मला एक अक्षरही न उच्चारता दिले होते, आणि माझी समजूत अशी होती, की गप्प राहण्याची ही कला फक्त आमच्याकडेच आहे.